एक मुख्याध्यापक, दोन शाळा: हे सहकार्य आहे की फेडरेशन?

इंग्लंडमधल्या अनेक खेड्यांत गावची एकमेव प्राथमिक शाळा ही चर्च ऑफ इंग्लंडची शाळा असते. 1811 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीने अशा शाळांचे जाळे उभे केले. त्यांतल्या बहुतेक शाळा आज सरकारी पैशावर चालतात, मात्र त्यांची ख्रिस्ती ओळख आणि सहसा जमीन व इमारत विश्वस्तांच्या हाती असते. पटसंख्या घटली किंवा मुख्याध्यापक मिळेनासा झाला की अशी शाळा शेजारच्या शाळेशी हातमिळवणी करते, आणि पालकांना पत्र येते की यापुढे दोन्ही शाळा ‘एकत्र काम करतील’. या मोघम शब्दांमागे दोन अगदी वेगळ्या व्यवस्था असू शकतात. एक सहकार्य, म्हणजे कोलॅबरेशन, दुसरी फेडरेशन. दोन्हींचा आधार 2002 च्या शिक्षण कायद्यात, एकमेकांना लागून असलेल्या कलमांत आहे. त्यात सहकार्यालाच ‘सॉफ्ट फेडरेशन’ म्हणण्याची सवय पडल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

बाहेरून पाहणाऱ्याला या दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. दोन शाळांना मिळून एकच मुख्याध्यापिका आहे, शिक्षक दोन्हीकडे शिकवतात, सहलीही एकत्र निघतात, एवढ्यावरून फेडरेशन झाले असे मानणे चुकीचे ठरेल, कारण हे सगळे साध्या सहकार्यातही होऊ शकते. उलट, फेडरेशन झालेल्या शाळांना आपापले स्वतंत्र मुख्याध्यापक असू शकतात. पाहायचे असते ते शाळेचे नियामक मंडळ, म्हणजे मुख्याध्यापकांना जाब विचारण्याचा आणि अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे ते लोक. सहकार्यात अशी दोन मंडळे शिल्लक राहतात, तर फेडरेशनमध्ये ती दोन्ही विसर्जित होऊन त्यांच्या जागी एकच मंडळ येते.

सहकार्याची गोष्ट तुलनेने सोपी आहे. दोन मंडळे करार करतात, हवी असल्यास संयुक्त समिती नेमतात आणि ठरावीक कामे तिच्याकडे सोपवतात. समजा, दोन्ही शाळांनी मिळून हिशेब सांभाळणारी एक व्यक्ती ठेवायची आहे. अशा वेळी तिचा पगार कोणत्या शाळेच्या खात्यातून निघेल, दुसरी शाळा आपला वाटा कसा भरेल, ती आजारी पडली तर रजेचा खर्च कोण सोसेल, हे सगळे करारात लिहावे लागते आणि दोन्ही मंडळांच्या इतिवृत्तात ठराव म्हणून नोंदवावे लागते. काम समितीकडे सोपवले तरी प्रत्येक मंडळ आपल्या शाळेबद्दल पूर्वीइतकेच उत्तरदायी राहते. माझ्या मते, सहकार्ये जिथे फसतात तिथे बहुधा हेच लिखाण अर्धवट राहिलेले असते. एकमेकांबद्दलच्या सद्भावनेवर काम सुरू होते आणि पहिल्याच आर्थिक ताणात अडते.

फेडरेशन सहजासहजी होत नाही. त्यासाठी प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि पालक, कर्मचारी, स्थानिक प्रशासन आणि चर्चशाळेच्या बाबतीत विश्वस्त व धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला चर्चचा प्रादेशिक विभाग) यांचे म्हणणे मागवावे लागते. त्यानंतर जे एक मंडळ बनते, ते कायद्याने सर्व शाळांचे मंडळ असते. शाळा मात्र विलीन होत नाहीत, आणि पालकांच्या मनात सर्वांत मोठी भीती नेमकी विलीनीकरणाची असते. प्रत्येक शाळेचे नाव, प्रवर्ग आणि प्रवेशाचे नियम वेगळेच राहतात. तिच्या वाट्याचा निधी वेगळा मोजला जातो. ऑफस्टेड या सरकारी शाळा-तपासणी संस्थेची तपासणीही प्रत्येक शाळेची स्वतंत्रपणे होते.

चर्चशाळेने बिगर-धार्मिक कम्युनिटी शाळेशी फेडरेशन केले, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. धार्मिक स्वरूप हे शाळेचे असते, मंडळाचे नसते, त्यामुळे फेडरेशनने चर्चशाळेचे ख्रिस्ती स्वरूप जात नाही आणि शेजारची शाळाही ख्रिस्ती होत नाही. चर्चशाळेची रोजची सामूहिक उपासना तिच्या विश्वस्तपत्राला धरून असते आणि तिच्या धार्मिक बाजूची ‘सायम्स’ ही वेगळी तपासणी होते. कम्युनिटी शाळेला ही तपासणी लागू नसते. म्हणजे एकाच बैठकीत तेच सदस्य एका शाळेच्या ख्रिस्ती ध्येयदृष्टीचा आढावा घेतात आणि पुढच्याच विषयाला अशा शाळेबद्दल बोलतात जिला ती ध्येयदृष्टी लागू नाही. हे जमते, पण त्यासाठी विषयपत्रिकेत दोन्ही शाळांना आपापली जागा हवी. लहान शाळेचा विषय दर वेळी शेवटी ठेवला आणि वेळेअभावी पुढे ढकलला, तर तिची स्वतंत्र ओळख कागदावरच उरते.

चर्चशाळांमध्येही दोन मुख्य प्रकार आहेत, आणि फेडरेशनच्या चर्चेत त्यांचा विसर पडणे महागात पडते. व्हॉलंटरी एडेड शाळेत मंडळ स्वतः कर्मचाऱ्यांचे नियोक्ता असते, प्रवेशाचे नियम ठरवते, आणि चर्चच्या वतीने नेमलेले फाउंडेशन सदस्य बाकी सर्वांपेक्षा दोनने अधिक असतात. व्हॉलंटरी कंट्रोल्ड शाळेत नियोक्ता स्थानिक प्रशासन असते आणि फाउंडेशन सदस्य जास्तीत जास्त एक चतुर्थांश असतात. एडेड शाळा सहकार्यात उतरली, तर तिच्या मंडळातले चर्चचे बहुमत जसेच्या तसे राहते. तीच शाळा कम्युनिटी शाळेबरोबर फेडरेशनमध्ये गेली, तर नव्या मंडळाची रचना मुळापासून ठरते आणि चर्चच्या सदस्यांची संख्या त्या मंडळाच्या घटनापत्रात लिहिली जाते. धर्मप्रांताच्या शिक्षण मंडळाला म्हणूनच सुरुवातीपासून चर्चेत घ्यायला हवे. मसुदा तयार झाल्यावर त्यांच्याकडे केवळ संमतीसाठी जाणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय अशा फेडरेशनमध्ये एकच मंडळ एका इमारतीतल्या शिक्षकांचे नियोक्ता असते आणि दुसऱ्या इमारतीतल्या शिक्षकांचे नसते, ही बाबही कर्मचाऱ्यांना आधीच समजावून सांगावी लागते.

अकादमी शाळांचे, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या देखरेखीबाहेर राहून थेट केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या शाळांचे, मल्टी-अकादमी ट्रस्ट हे या दोन्हींहून वेगळे आहेत. तिथे कायदेशीर व्यक्ती म्हणून ट्रस्टच उभा असतो. फेडरेशन ही स्थानिक प्रशासनाच्या देखरेखीखालील शाळांचीच व्यवस्था आहे.

बाहेर पडण्याच्या वेळी हा फरक सर्वांत ठळकपणे जाणवतो. सहकार्य संपवायचे तर मंडळ करारात ठरलेली मुदत देऊन बाजूला होते, आणि शाळा चालवणारे लोक तेच राहतात. फेडरेशनमधून शाळा बाहेर पडते तेव्हा तिला स्वतःचे मंडळच उरलेले नसते. ते नव्याने घडवावे लागते, पालक-प्रतिनिधींची निवडणूक घ्यावी लागते, फाउंडेशन सदस्यांची नेमणूक करावी लागते, आणि ज्या मुख्याध्यापिका दोन्हीकडे काम पाहत होत्या त्या कोणत्या शाळेत राहणार, हे ठरवावे लागते. फेडरेशनच्या प्रस्तावावर मत मागवले जाते तेव्हाच पालकांनी या शक्यतेबद्दल मंडळाला लेखी प्रश्न विचारावा आणि उत्तरही लेखी मागावे.