प्रश्न संपण्याआधीच उत्तर तयार!

श्रोत्याच्या प्रश्नाला तत्काळ उत्तर दिलं की छाप पडते, असं वक्तृत्व शिकवणारे हमखास सांगतात. सादरीकरण रुळावरून घसरतं ते बहुतेकदा इथेच.

गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम 200 मिलिसेकंद जातात. 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषा तपासल्या होत्या. फरक दिसला, पण थोडाच. आता दुसरा आकडा. चित्र बघून त्यातल्या वस्तूचं नुसतं नाव घ्यायलाही साधारण 600 मिलिसेकंद लागतात: वस्तू ओळखायची, शब्द शोधायचा, त्याचे ध्वनी जुळवायचे, मग जीभ-ओठ हलवायचे. अख्ख्या वाक्याला त्याहून जास्त. मग 200चा हिशेब जुळतो कसा? आपण समोरच्याच्या वाक्याचा रोख आधीच ताडतो आणि ते चालू असतानाच उत्तर रचायला घेतो. ऐकणं आणि रचणं या दोन्ही कामांना मेंदूतली बरीचशी तीच भाषायंत्रणा लागते, त्यामुळे प्रश्नाचं शेपूट निसटतं. श्रोते तर आधी लांबण लावतात, खरा मुद्दा शेवटी येतो. वक्ता मग न विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देत सुटतो.



उपाय सोपा: प्रश्न पुरता संपू द्या, तो एका वाक्यात परत सांगा आणि ‘हेच विचारायचंय ना?’ म्हणा. चार-पाच सेकंद मिळतात, मागच्या रांगांना प्रश्न ऐकू जातो, गैरसमज तिथेच सुटतो. मग निवाडा करा. उत्तराशिवाय पुढची स्लाइड कळणार नसेल तर आत्ताच सांगा, तेही अर्ध्या मिनिटात. नाहीतर तो प्रश्न सगळ्यांना दिसेल असा फळ्याच्या कोपऱ्यात दोन शब्दांत लिहा. नुसत्या ‘नंतर बघू’वर कुणाचा विश्वास बसत नाही, विचारणारा तोच प्रश्न घोळवत बसतो आणि पुढचं ऐकत नाही.

उत्तराकडे वळण्याआधी हातातलं वाक्य पूर्ण करा, नाहीतर परतताना धागा सापडत नाही. जुनी स्लाइड दाखवायची असेल तर चालू स्लाइडचा क्रमांक आधी टिपून घ्या. पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं, परतही तसंच. एकेक स्लाइड मागे सरकवत गेलात, तर वाटेतल्या प्रत्येक स्लाइडवर नवा हात वर होतो.