जोहान्सबर्ग–केप टाउन: जायला वेळ जास्त, यायला कमी

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग ते केप टाउन हवाई अंतर सुमारे १,२७० किलोमीटर. एन-१ महामार्गाने तेच १,४०० च्या घरात जातं. वेळापत्रकात केप टाउनकडे जाताना साधारण २ तास १० मिनिटं धरतात, परतीला २ तासांच्या आसपास. दोन्ही शहरांचं घड्याळ एकच, त्यामुळे हा फरक खरा आहे.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचतं, असं पुष्कळांना वाटतं. केप टाउन तर जोहान्सबर्गच्या नैऋत्येला आहे. म्हणजे जाणंच झटपट व्हायला हवं, आणि होतं नेमकं उलट! कारण हवा जमिनीबरोबरच फिरते. धावत्या एसटीत उडवलेलं नाणं हातातच पडतं, मागच्या सीटवर नाही. वेळ बदलतो तो जमिनीच्या सापेक्ष वाहणाऱ्या वाऱ्यामुळे.

हा वारा तयार कसा होतो, ते पाहण्यासारखं आहे. विषुववृत्तावरची जमीन ताशी १,६७० किमी वेगाने फिरते, ३० अंश अक्षांशावरची १,४४६ ने. विषुववृत्ताजवळ तापून वर चढलेली हवा उंचावरून ध्रुवाकडे सरकते, तेव्हा ती पृथ्वीच्या अक्षाजवळ येते. कोनीय संवेग (फिरण्याचा जोर, म्हणजे वेग आणि अक्षापासूनचं अंतर यांचा गुणाकार) राखायचा तर तिचा वेग वाढलाच पाहिजे: १,६७० भागिले ३० अंशांचा कोसाइन ०.८६६, म्हणजे सुमारे १,९२८. खालच्या जमिनीपेक्षा ४८० ने जास्त! भोवरे आणि घर्षण यांमुळे प्रत्यक्षात वेग याहून बराच कमी राहतो, पण दिशा तीच: पश्चिमेकडून पूर्वेकडे. हाच उपोष्ण जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून वेगाने वाहणारा वाऱ्याचा पट्टा. जून ते ऑगस्ट या तिथल्या हिवाळ्यात तो जोरात असतो. फिरत्या गोलाशिवाय या वाऱ्याचा हिशेब लागत नाही, हे सपाट पृथ्वीवाल्यांनी जरूर तपासावं.

आता वैमानिकाचं गणित. समजा पश्चिमेचा वारा ताशी १०० किमी. मार्ग नैऋत्येचा, म्हणून वारा थेट नाकावर न येता सुमारे ४३ अंश तिरका लागतो: ७३ किमी समोरून, ६८ आडवा. आडव्या वाऱ्यात मार्ग धरून ठेवायला नाक जवळजवळ ५ अंश वाऱ्याकडे वळवावं लागतं. त्यात दोन्ही दिशांना ताशी ३ किमी जातात. हवेतला वेग ८३० धरला, तर जमिनीवरचा वेग जाताना ७५४, येताना ९००. एकूण अंतरापैकी चढण-उतरण वगळून उंचीवरून कापायचे ९०० किमी धरले, तर त्यांना जाताना जवळपास ७२ मिनिटं, येताना ६०. वारा नसता तर ६५ लागली असती. म्हणजे जाताना गमावली साडेसहा, येताना कमावली पाचच. समोरचा वारा विमानाला मंदावतो, म्हणून विमान त्याच्या तावडीत जास्त वेळ राहतं.

अंतराला ८०० ने भागून वेळ सांगणारी संकेतस्थळं याच मार्गाला १ तास ३५ मिनिटं देतात. त्यात धावपट्टीपर्यंतचं सरपटणं, चढण, उतरण आणि वारा, काहीच नसतं. केप टाउनहून पुढचं विमान धरायचं असेल, तर वेळापत्रकातलाच आकडा घ्या आणि हिवाळ्यात वर आणखी थोडी मोकळीक ठेवा.