ट्रस्टचं कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचंय? चेंज रिपोर्ट कुठे अडतो ते आधी पाहा

ट्रस्ट पुण्यात नोंदलेला, पण विश्वस्त आता नाशिकला, कामही तिथेच. मग कार्यालय रीतसर नाशिकला हलवायचं ठरतं आणि मंडळी कागद घेऊन नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात जातात. पहिली चूक हीच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीतला बदल कळवणारा अर्ज, द्यायचा तो ट्रस्टची नोंदवही जिथे ठेवलेली आहे तिथल्या उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे. म्हणजे पुण्यालाच.

मुदत ९० दिवसांची, आणि ती बदल झाल्याच्या तारखेपासून मोजतात. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं त्या दिवसापासून नव्हे. म्हणून कार्यालय कोणत्या तारखेपासून हलणार ते ठरावातच स्पष्ट लिहा. ‘लवकरच हलवण्यात येईल’ असा ठराव केलात, तर दिवस कुठून मोजायचे यावरच वाद होतो. कलम २२ मध्ये नियोजित बदलही कळवता येतो. सामान हलवण्याआधीच अर्ज केला तर मुदतीची धास्ती उरत नाही. उशीर झालाच असेल तर कारण पटवून विलंबमाफी मिळू शकते, पण खर्चाची रक्कम भरावी लागते.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते शेड्यूल एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या ट्रस्टच्या नोंदीवर. ठरावावर सह्या आजच्या विश्वस्तांच्या आणि नोंदवहीत नावं मात्र वीस वर्षांपूर्वीची, त्यातले निम्मे वारलेले. सह्या करणाऱ्यांना अधिकार काय, हा प्रश्न मग येणारच. ठराव करण्याआधी शेड्यूल एकचा प्रमाणित उतारा काढा. नावं जुळत नसतील तर विश्वस्त बदलाचे राहिलेले चेंज रिपोर्ट आधी मार्गी लावा. त्यासाठी मृत्यूचे दाखले, राजीनामे आणि त्या त्या वेळचे निवडणुकीचे ठराव लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

दुसरा कागद बहुतेकांकडे नसतोच: सभेची नोटीस सगळ्यांना पोचल्याचा पुरावा. इतिवृत्ताची वही व्यवस्थित असते, पण नोटिशीवर जावक क्रमांक नाही, पोच-सही नाही, पोस्टाची पावती नाही. एखाद्या नाराज विश्वस्ताने हरकत घेतली, की सगळं तिथेच लटकतं. नोटीस किती दिवस आधी द्यायची हे तुमच्या ट्रस्टच्या घटनेत (नियमावलीत) असतं, ते वाचा. घटनेतच ‘संस्थेचे कार्यालय पुणे येथे राहील’ असं वाक्य असेल, तर घटनादुरुस्तीचा ठरावही घटनेत सांगितलेल्या पद्धतीने करा. सोसायटी म्हणून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंद असेल तर तिकडची नोंदही बदलावी लागते.

बाकी नेहमीचं: शेड्यूल तीनच्या नमुन्यातला अर्ज, शपथपत्र, नव्या जागेचं वीजबिल किंवा भाडेकरार, मालकाचं संमतीपत्र. ट्रस्टचे ऑडिट रिपोर्ट थकले असतील तर तेही भरून टाका.

राज्याबाहेर जायचं असेल तर गोष्ट वेगळी. हा कायदा महाराष्ट्रापुरता आहे. गोव्यात किंवा कर्नाटकात कार्यालय नेण्याचं काम चेंज रिपोर्टवर निभेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आधी जाणकार वकिलाला घटना दाखवा. फक्त मिळकत परराज्यात असेल, तर तेवढ्याने ट्रस्ट तिकडचा होत नाही. चारुशीला दासी प्रकरणात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने, देवस्थान तेव्हाच्या बिहारमध्ये असल्यामुळे, काही मिळकत कलकत्त्यात असूनही बिहारचा कायदा लागू धरला होता.

अर्ज दाखल झाला की लोक निर्धास्त होतात, आणि नोटिसा मात्र जुन्या पत्त्यावर जात राहतात. तिथे आता कुणी नसतं, तारखेला कुणी हजर राहत नाही आणि अर्ज गैरहजेरीत निकाली निघतो. आदेश हातात पडेपर्यंत जुन्या जागेतली टपाल पेटी काढू नका, शेजाऱ्याला नंबर देऊन ठेवा आणि अर्जात पत्रव्यवहाराचा पत्ता व मोबाइल वेगळा लिहा. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की मगच पॅन, बँक आणि आयकराच्या नोंदणीतला पत्ता बदलायला घ्या.