वेताळ टेकडीवरील श्रमदान

पुण्याच्या पश्चिमेकडील वेताळ टेकडीवर नागरिक आपणहून, विनामोबदला करीत असलेले रोपे जगवण्याचे, वणवे रोखण्याचे आणि माती-पाणी अडवण्याचे काम. टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मी. असून पायथ्याचे शहर सुमारे ५६० मीटरवर आहे. माथ्यावरच्या वेताळबाबाच्या देवळावरून तिला हे नाव पडले. चतुःशृंगी, हनुमान टेकडी, लॉ कॉलेजची टेकडी, पंचवटी आणि कोथरूडकडचे उतार ही तिचीच अंगे. पुणेकर मात्र आपापल्या बाजूने चढतात आणि त्या बाजूलाच ‘टेकडी’ म्हणतात. येथील वनखात्याच्या ताब्यातील राखीव वन भांबुर्डा वन म्हणून ओळखले जाते. भांबुर्डे हे शिवाजीनगरचे जुने नाव.

टेकडीचे शहराशी नाते केवळ फिरायला जाण्यापुरते नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा पहिल्या सदस्यांचा शपथविधी फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या या टेकडीवरच झाला होता.

जमीन बेसाल्ट खडकाची. वर मुरूम आणि वीतभर माती, कुठे तीही नाही. पाऊस जून ते सप्टेंबर, बाकीचे आठ महिने जवळजवळ कोरडे. अशा जागी मूळचा निसर्ग म्हणजे गवताळ माळ आणि त्यात विखुरलेली पानझडी झाडे : सालई, मोई, धावडा, मेडशिंगी, वारस, बहावा, पळस, गणेर. चराई, लाकूडतोड आणि दगडखाणी यांनी हे उतार उघडे पडले. पुढे वनखात्याने त्यांवर मोठ्या प्रमाणात गिरिपुष्प (उंदीरमारी) लावले. मूळ मध्य अमेरिकेतले हे झाड झपाट्याने वाढते, फांदी खोचली तरी रुजते, आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. बोडकी टेकडी हिरवी करायची तर ही निवड त्या काळी समजण्याजोगी होती. पण दाट गिरिपुष्पाखाली स्थानिक रोपे वर येत नाहीत, आणि ऐन हिवाळ्यात पाने गळून तो सगळा पट्टा काटक्यांसारखा दिसू लागतो.

म्हणून स्वयंसेवकांमध्ये जुना वाद आहे : गिरिपुष्प काढायचे की ठेवायचे? एकदम साफ करणे चुकीचेच. उघडी पडलेली माती पहिल्याच वळवाने वाहून जाते. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर येणारा नवरंग पक्षी अशाच झाडीखालचा पालापाचोळा चाळत किडे टिपतो. अनुभवी गट या झाडांच्या विरळ सावलीत स्थानिक रोपे लावतात आणि ती कमरेइतकी झाली की भोवतालची गिरिपुष्पे थोडी थोडी कमी करतात. राखीव वनात परवानगीवाचून झाड तोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा असल्याने हे काम वनखात्याच्या संमतीनेच करावे लागते.

श्रमदानाचा खरा भार पाण्यावर आहे. जुलैत रोप लावायला शंभर हात येतात. एप्रिलमध्ये त्याला पाणी घालणारे मोजके असतात. रोज चढणारी माणसे खाद्यतेलाचे रिकामे पाच लिटरचे कॅन खालून भरून वर नेतात. पाच लिटर म्हणजे पाच किलो, आणि तेवढ्यात जेमतेम दोन रोपे भागतात. पाणी एकदम ओतले तर उताराने निघून जाते. म्हणून आळ्याच्या खालच्या बाजूला दगडांची अर्धगोल कड रचतात, आत वाळलेला पाला दाबतात आणि धार बारीक धरतात. मुरूम पाणी पिताना बुडबुडे येतात; ते थांबले की पुढच्या रोपाकडे. पहिले दोन-तीन उन्हाळे तगलेले रोप पुढे बहुधा आपल्या मुळांवर उभे राहते. उतारावर सलग समतल चर (एकाच उंचीच्या रेषेत उताराला आडवे खणलेले चर) असतील तर पावसाचे पाणी तिथेच मुरते आणि वाहतुकीचे कष्ट कमी होतात. पण हे चर दरवर्षी गाळाने भरतात. ते उपसणे हे मे महिन्यातले सर्वांत कष्टाचे काम.

दुसरा शत्रू वणवा. डिसेंबरपर्यंत कुसळी गवत वाळून कोळ होते. विडीचे थोटूक किंवा ‘जाळले की नवे गवत जोमाने येते’ ही समजूत, एवढे पुरते. तीन-चार वर्षे जपलेली रोपे काही मिनिटांत करपतात आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोल-तित्तिरांची पिलेही वाचत नाहीत. हिवाळ्यातच गवत कापून जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा) काढणे हा खात्रीचा उपाय. आग लागलीच तर ओल्या फांद्यांनी कडेकडेने झोडपून ती विझवतात. वारा आग ज्या दिशेला नेतो त्या बाजूला उभे राहायचे नाही, हे नवख्याला पहिल्यांदा सांगितले जाते.

बियाणे टेकडीवरूनच गोळा करण्याचा प्रघात चांगला रुजला आहे. उन्हाळ्यात पळसपापडी, बहाव्याच्या शेंगा, मेडशिंगीची वाकडी फळे वेचली जातात. बहाव्याचे कठीण बी घासून किंवा गरम पाण्यात भिजवून पेरतात. सालई आणि पांगारा फांदीपासूनही येतात. याउलट मोकळा माळ दिसला की तेथे खड्डे घेणे ही हौशी मंडळींची नेहमीची चूक. तो माळ ‘रिकामा’ नसतो. पहिल्या पावसानंतर मुसळी, भुईआमरी (जमिनीवर वाढणारे ऑर्किड) यांसारखे कंद तिथूनच वर येतात आणि दाट सावलीत ते टिकत नाहीत.

टेकडी राखण्याचा एक भाग कागदावर लढला जातो. टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याला याच मंडळींचा विरोध आहे. टेकडी वाचवण्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी मोर्चा काढला. एरवी पहाटे कॅन घेऊन एकेकटी चढणारी, फक्त चेहऱ्याने एकमेकांना ओळखणारी माणसे त्या दिवशी एकत्र चालली.