आंब्याच्या पेटीला किती रकाने हवेत?

रत्नागिरी, राजापूर, देवगड या पट्ट्यात बागायतदारांचे गट आणि संस्था मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला थेट पेटी पाठवू लागल्या आहेत. हा व्यवहार वहीतून संगणकावर न्यायचं ठरलं की बैठक भरते आणि रकाने वाढायला लागतात. कलमाचं वय घ्या, माती कातळाची की भरावाची ते घ्या, आधार क्रमांक तर हवाच, बागायतदाराचं शिक्षण असलेलं बरं. मोहोर फुटायच्या आत चाळीस रकान्यांचा फॉर्म तयार होतो आणि कुणाची तक्रार नसते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, तोडणी अंगावर आली की तोच फॉर्म कोसळतो.

जागेची अडचण हे त्याचं कारण नव्हे. हंगामात २०,००० पेट्या, प्रत्येकीचे २० रकाने, प्रत्येक रकान्यात सरासरी १० अक्षरं धरली तर ४० लाख अक्षरं होतात. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट लागतात, म्हणजे सगळं मिळून १२ मेगाबाइट. मोबाइलवरचे तीन-चार फोटो तेवढी जागा खातात.

महाग असतो तो लिहिणाऱ्याचा वेळ. संध्याकाळी पॅकिंग शेडमध्ये ४०० पेट्या भरायच्या आहेत, वाशीला जाणारी गाडी दारात उभी आहे, आणि प्रत्येक पेटीमागे दहा जादा रकाने आहेत. एका रकान्याला ५ सेकंद धरले तरी २०,००० सेकंद होतात, म्हणजे साडेपाच तास. एवढा वेळ कुणाकडेच नसतो. मग वरच्या ओळीतलं खाली उतरवलं जातं, वजनाच्या जागी शून्य पडतं, आणि निवडयादीत जो पहिला पर्याय असेल तो सगळ्यांना लागतो. रिकामा रकाना निदान रिकामा दिसतो. असा भरलेला रकाना खरा वाटतो, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी त्यावरून सरासरी काढतो.

म्हणून आखणीची सुरुवात रकान्यांपासून करू नये. आधी प्रश्न लिहावेत, आणि प्रत्येक प्रश्नापुढे दोन गोष्टी: उत्तर कुणाला हवं आणि ते मिळाल्यावर तो काय करणार. आंब्याच्या संस्थेचे प्रश्न फार नसतात. कुणाला किती पैसे द्यायचे? उद्या कुठल्या प्रतीच्या किती पेट्या कुठे पाठवायच्या? गिऱ्हाइकाने साका (गरातला पांढुरका, स्पंजासारखा खराब भाग) निघाल्याची तक्रार केली तर तो आंबा कुठल्या बागेतला, कुठल्या दिवशी तोडलेला? या तीन प्रश्नांत संस्थेचं बहुतेक काम येतं. ‘बागायतदाराचं शिक्षण’ या रकान्यासमोर मात्र कुणाचंच नाव येत नाही. उत्तर दहावी असो की पदवी, संस्थेचं पुढचं पाऊल तेच राहणार असेल तर तो रकाना काढून टाकावा.

याची चाचणी कागदावर होते. हंगामाअखेर जो अहवाल हवा आहे तो आजच, खोटे आकडे घालून, हाताने तयार करायचा. वीस पेट्यांचा पुरे. ज्याला तो वापरायचा आहे त्याच्यासमोर ठेवला की तो लगेच सांगतो, ‘हे नको, ते कुठाय?’ त्या कागदावर जे दिसतं ते मिळवायला जेवढं लागेल तेवढंच गोळा करायचं.

आता खरा अवघड भाग. रकाने कमी करताना माणसं भलतंच काहीतरी कमी करतात: ओळी. एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे सगळ्यात आधी ठरायला हवं. एक पेटी? एका बागायतदाराचा दिवसभराचा माल? की एक लॉट, म्हणजे एका बागेतून एका दिवशी तोडलेला एका प्रतीचा आंबा? पेटीनिहाय नोंद केली तर २०,००० ओळी लिहाव्या लागतील. बागायतदारनिहाय दिवसाची बेरीज लिहिली तर काम अगदी थोडं, पण एका बागायतदाराच्या तीन बागा असतील आणि तक्रार एकाच बागेतल्या फळांची असेल तर ती बेरीज काही सांगत नाही. बारीक नोंदींची बेरीज कधीही करता येते, बेरजेतून बारीक नोंदी परत निघत नाहीत.

साक्याच्या बाबतीत हे फारच जाणवतं. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, आणि तोवर पेटी पुण्याला पोचून आंबा पिकलेला असतो. फळ झाडावर जास्त तयार होऊ दिलं तर साक्याचं प्रमाण वाढतं, म्हणून हापूस चौदा आणे, म्हणजे साधारण ८५ टक्के तयार असताना तोडावा अशी शिफारस आहे. तेव्हा तक्रार आल्यावर दोनच गोष्टी उपयोगाच्या ठरतात: बाग आणि तोडणीची तारीख. त्या तोडणीच्या दिवशीच लिहिल्या गेल्या पाहिजेत, कारण पंधरा दिवसांनी त्या कुणालाच आठवत नाहीत. लॉट हा इथे योग्य तुकडा आहे. ४०० पेट्यांच्या संध्याकाळी पंधरा-वीस लॉट होतात, पेटीवर फक्त लॉट क्रमांक पडतो, आणि साडेपाच तासांचं काम अर्ध्या तासावर येतं.

‘पुढे लागेल’ या युक्तिवादालाही इथेच उत्तर मिळतं. जी गोष्ट आज लिहिली नाही तर कायमची जाते, ती आजच घ्यायची: तोडणीची तारीख, बाग, फवारणीचं औषध आणि दिवस. जी नंतर केव्हाही विचारता येते ती नंतर विचारायची. कलमाचं वय काही एका रात्रीत बदलत नाही. आणि जी दुसऱ्या कुणाकडे आधीच आहे ती मुळीच टंकायची नाही. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. पाऊस आणि तापमान महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळाच्या पातळीवर मोजतात. आपल्याकडे गाव आणि तारीख नीट असली की ते आकडे हवे तेव्हा जोडता येतात. रकाना पुढे वाढवणं एका आज्ञेचं काम आहे, जुन्या ओळींत तो रिकामा राहील इतकंच.

हे जोडणं ज्याच्यामुळे शक्य होतं ते तत्त्व आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलं. माहिती साध्या तक्त्यांत ठेवायची आणि तक्ते एकमेकांशी त्यांतल्या क्रमांकांनी जोडायचे. त्यातूनच पुढे एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची शिस्त आली. आपल्या संस्थेला चार तक्ते पुरतात. बागायतदार: क्रमांक, नाव, फोन, बँक खातं, आयएफएससी. बाग: क्रमांक, बागायतदार क्रमांक, गाव, गट नंबर. लॉट: क्रमांक, बाग क्रमांक, तोडणीची तारीख, प्रत, पेट्यांची संख्या, एका पेटीतली फळं. विक्री: लॉट क्रमांक, गिऱ्हाईक किंवा दलाल, पेट्या, दर, कापलेली अडत, हमाली, भाडं. फवारणीसाठी पाचवा छोटा तक्ता, बाग क्रमांक आणि तारखेवर बेतलेला. लॉटच्या तक्त्यात बागायतदाराचं नाव कुठेच नाही हे लक्षात घ्या. बाग कळली की नाव कळतं, आणि फोन बदलला तर एकाच ओळीत बदलावा लागतो.

लॉटमध्ये एकूण फळांचा रकानाही मुद्दाम ठेवलेला नाही. पेट्या गुणिले फळं केलं की तो आकडा निघतो, वेगळा साठवला तर कधीतरी दोन्ही जुळेनासे होतात. याला एक अपवाद आहे आणि तो पैशांचा. दर रोज बदलतो, अडतही बदलू शकते, म्हणून पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, त्या दिवशी जी रक्कम आली ती तशीच साठवावी. आजच्या दराने मार्चची पट्टी पुन्हा काढून बघणाऱ्यांची भांडणं त्यातूनच होतात.

‘पेट्या: ३०’ एवढ्यावर थांबू नये, कारण पेटी चार डझनांची असते तशी आठ डझनांचीही असते. मोजायची ती फळं. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, २०२५-०४-०५ अशी, नाहीतर ५/४ आणि ४/५ यांचा घोळ होतो आणि एप्रिलच्या ऐन हंगामात नेमका पकडता येत नाही. गाव हाताने लिहू देऊ नये. गणपतीपुळे, गणपतिपुळे, गणपती पुळे ही संगणकाला तीन गावं वाटतात. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक आहे. यादीतून गाव निवडायचं आणि साठवायचा तो संकेतांक.

बागेचे अक्षांश-रेखांश घ्यायचा मोह हल्ली सगळ्यांना होतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे दशांशाची चार स्थळं म्हणजे ११ मीटर आणि पाच स्थळं म्हणजे साधारण एक मीटर. दाट कलमांखाली मोबाइलची स्वतःची चूक कित्येक मीटर असते. तेव्हा चार स्थळं भरपूर झाली. आठ स्थळं लिहिली की बाग सापडायला मदत होत नाही, नुसता अचूकपणाचा आव येतो. गाडीवाल्याला बाग माहीत असेल तर हा रकानाच नको.

शून्य आणि ‘माहीत नाही’ यांत मात्र काटकसर करू नये. समजा दहा लॉटांपैकी चारच लॉटांच्या गिऱ्हाइकांना साक्याबद्दल विचारलं आणि अनुक्रमे ६, ४, २, ० फळं निघाली. सरासरी ३. बाकीच्या सहा ठिकाणी न विचारताच शून्य घातलं तर सरासरी १.२ होते, आणि संस्था खूश होऊन पुढच्या वर्षी काहीच बदलत नाही. न विचारलेला रकाना रिकामाच राहिला पाहिजे, आणि फॉर्मने तो रिकामा राहू दिला पाहिजे. ‘सगळे रकाने भरणे बंधनकारक’ ही पाटी खोट्या शून्यांना आमंत्रण देते.

काही गोष्टी सगळ्या मोजायचीही गरज नसते. केरळ ते गुजरात आणि पूर्व किनाऱ्यावरही केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था मासळीच्या उत्पादनाचा अंदाज काढते तो प्रत्येक होडीची टोपली मोजून नव्हे, तर बंदरं, दिवस आणि होड्या यांचा नमुना निवडून. फळाच्या सरासरी वजनाचंही तसंच. फळाफळात साधारण २५ ग्रॅमचा फरक असेल तर २५ फळं वजन करून काढलेल्या सरासरीत चूक ५ ग्रॅमच्या आसपास राहते. हजार फळं वजनकाट्यावर ठेवून हाती फार काही जास्त लागत नाही. फक्त ती २५ फळं पेटीच्या वरच्या थरातली नसावीत. वरचा थर कसा भरला जातो ते कोकणात वेगळं सांगायला नको.

उलट एक जादा आकडा जरूर घ्यावा. लॉट क्रमांक गिऱ्हाईक फोनवर सांगतो, आणि दमट पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेले आकडे पसरलेले असतात. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक चूक पकडण्यासाठीच असतो. आपल्यासाठी सोपा उपाय आहे. क्रमांकाला ११ ने भागा आणि बाकी त्याच्या शेवटी जोडा. ४२७ ला ११ ने भागलं की बाकी ९, म्हणून पेटीवर ४२७९. बाकी १० येईल तो क्रमांक वापरायचा नाही. असा प्रत्येक पूर्ण क्रमांक ११ ने भागला जातो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटे झाले, म्हणजे ४७२९ ऐकू आलं, की भाग जात नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते.

राहिली माणसांची माहिती. बागायतदाराला पैसे पाठवायला बँक खातं पुरतं, तरी आधारची छायाप्रत घेतली जाते, आणि ती व्हॉट्सॲपवरून तीन जणांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसते. एखाद्या योजनेसाठी आधार दाखवावाच लागत असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारी झाकलेली प्रत चालते का ते आधी विचारावं. संसदेने २०२३ मध्ये केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची व्याप्ती सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक माहितीपुरतीच धरली आहे. कायद्यातलंच उदाहरण असं: दूरवैद्यक सेवेच्या ॲपने फोनमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि माणसाने हो म्हटलं, तरी ती यादी त्या सेवेला आवश्यक नसल्याने तेवढी संमती लागू होत नाही. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

नाव काढून टाकलं की माहिती निनावी होते असंही नाही. लॅटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टींवरून एकटं वेगळं काढता येऊ शकतं. चाळीस घरांच्या वाडीत तर वाडी आणि जन्मवर्ष एवढंच पुरतं. आडनावावरून अनेकदा जातही कळते, तेव्हा जातीचा वेगळा रकाना ठेवण्याआधी तो कुठल्या योजनेच्या अर्जात मागितला आहे ते त्या रकान्यापुढे लिहून ठेवावं. गिऱ्हाइकाचं नाव, फोन, पत्ता आणि पेट्या एवढं लागतं. वाढदिवस लागत नाही.

हे सगळं ठरलं की मार्चमध्येच, पहिल्या तोडण्यांना, दोन दिवस कागदावर चालवून बघावं. लिहिणारा तोच हवा जो मे महिन्यात लिहिणार आहे. एका लॉटला किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजावं. जो रकाना निम्म्याहून जास्त ओळींत रिकामा राहिला तो काढावा, किंवा तो दुसऱ्या कुणी, दुसऱ्या वेळी भरायचा होता का ते तपासावं. साक्याची तक्रार शेडमधला माणूस लिहूच शकत नाही, ती फोन घेणाऱ्याने विक्रीच्या ओळीला जोडायची असते.

प्रत्येक रकान्यापुढे तो कधी पुसायचा तेही याच कागदावर लिहावं. पट्ट्या आणि हिशेब कायद्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत ठेवावे लागतात. गिऱ्हाइकाचा पत्ता पुढच्या हंगामासाठी ठेवायचा असेल तर त्याला विचारून ठेवावा, नाहीतर जूनमध्ये, शेवटची पट्टी मिटली की पुसावा. पुसताना बॅकअपची प्रत, ईमेलमधली एक्सेल फाइल आणि गाडीवाल्याला पाठवलेली पत्त्यांची यादीही त्यातच धरायची.