अंटार्क्टिकाला जाताना सुती बनियन नकोच

अंटार्क्टिकाच्या जहाजसफरीला निघालेल्या जळगाव-धुळ्याच्या माणसाला हमखास सल्ला मिळतो: आतून सुती बनियन, वरून सगळ्यात जाड स्वेटर. कापसाच्या मुलखात हे पटणं अवघड, पण तिथे सुती कपडा घातकच. तो घामाने ओला होतो, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. आत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, मध्ये फ्लीस (लोकरीसारखं मऊ, उबदार कृत्रिम कापड), वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. (जाकीट पुष्कळ जहाजं स्वतःच देतात, आधी विचारा.) डिसेंबर-जानेवारीत अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर तापमान शून्याच्या आसपासच असतं; खरा त्रास वाऱ्याचा आणि जहाजावरून किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी बोटीत उडणाऱ्या पाण्याचा. म्हणून वॉटरप्रूफ पँट हवीच. आणि मोज्यांत, वेल्क्रोत अडकलेली शेतातली कुसळं घरीच चिमट्याने काढा. परकं बी तिथे न्यायला सक्त मनाई आहे.