मेंदू आणि वर्तन : जैविक मानसशास्त्राची ओळख

माणूस वागतो, बोलतो, आठवतो, घाबरतो, चिडतो, तेव्हा त्याच्या मेंदूत आणि नसांमध्ये नेमकं काय चाललेलं असतं याचा अभ्यास म्हणजे जैविक मानसशास्त्र. बीएला मानसशास्त्र घेतलेल्या पोरापोरींना हा विषय असतो आणि बरेचजण गाईडमधला तक्ता पाठ करून पास होतात : हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मृती, अमिग्डाला म्हणजे भीती, लहान मेंदू म्हणजे तोल. तक्ता खोटा नाही पण अर्धवट आहे, कारण त्या भागाचं ते काम आहे हे कळलं कसं, हे त्यात कुठंच नसतं आणि विषयाचा सगळा जीव तर तिथंच आहे. म्हणून या नोंदीत मेंदूचा भाग आणि तो समजायची पद्धत सोबतच घेतलीय.

आधी मोजमाप. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, म्हणजे अंगाच्या वजनाच्या २ टक्के, पण शरीर आरामात असताना जेवढी ऊर्जा खर्च होते त्यातली २० टक्के हा एकटा खातो. चेतापेशी किती, तर जुन्या पुस्तकांत सरसकट १०० अब्ज लिहिलेलं सापडतं. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांच्या टीमनं मेंदूचा अक्षरशः द्रव करून त्यातली पेशीकेंद्रं मोजली तेव्हा आकडा ८६ अब्जांच्या आसपास निघाला, आणि गंमत म्हणजे त्यातल्या ८० टक्के पेशी डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत असतात. मोठा मेंदू दोन अर्धगोलांचा, त्याच्या खाली मस्तिष्कस्तंभ, जो श्वास, हृदयाचे ठोके, झोप-जाग सांभाळतो, आणि तिथून खाली मज्जारज्जू.

आता लकवा. आपल्याकडं गावोगावी ‘वारं गेलं’ असं म्हणतात तो मेंदूचा आजार आहे, हातापायाचा नाही. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीनं बंद पडतो किंवा रक्तवाहिनी फुटते आणि तो भाग जे काम करत होता ते जातं. मोठ्या मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि बहुतेकांची बोलण्याची यंत्रणाही डावीकडंच असते, म्हणून उजवा हात-पाय गेलेल्या पेशंटची वाचा पण गेलेली खूप वेळा दिसते. बोलण्याची मेंदूत ठरावीक जागा असते हे पहिल्यांदा पक्कं मांडलं ते पॉल ब्रोका या फ्रेंच सर्जननं, १८६१ मध्ये. त्याच्याकडं लबोर्न नावाचा पेशंट होता, त्याला समोरच्याचं बोलणं कळायचं पण तोंडातून ‘तां’ एवढंच निघायचं. तो वारल्यावर ब्रोकानं मेंदू तपासला आणि डाव्या बाजूला पुढच्या भागात बिघाड सापडला. पुढं १८७४ मध्ये कार्ल वेर्निकेनं उलटी केस मांडली, म्हणजे पेशंट भडाभडा बोलतो पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट कळत नाही, तेव्हा बिघाड डाव्या कानाच्या वर-मागे असलेल्या मेंदूच्या भागात असतो.

हे घरच्या माणसांना माहीत असणं फार गरजेचं आहे. आजोबांची वाचा गेली की घरातले समजतात की डोक्यावर परिणाम झाला, आता ह्यांना काही कळत नाही, आणि मग त्यांच्या खाटेशेजारीच दवाखान्याचा खर्च, जमिनीच्या वाटण्या सगळं बोलणं चालतं. ब्रोकाच्या प्रकारातल्या पेशंटला त्यातलं बरंचसं कळत असतं, फक्त उत्तर देता येत नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं तेव्हा आजाराला दोष देऊन मोकळं होऊ नये.

आणि दुसरी गोष्ट वेळेची. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे लकवा सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण रक्तस्राव झालेला असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. तांड्यावरून किंवा वाडीवरून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायलाच दोन-दोन तास जातात, त्यात आधी मालिश, मग वाऱ्याचं औषध, मग कुणाला तरी दाखवणं, असं केलं की वेळ हातातून गेलीच. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं जड झालं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी थेट जिथं सीटी आहे तिथं जायचं. ही सीटी तरी कुठं जुनी आहे, माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ ला झाला, गॉडफ्री हाउन्सफिल्डच्या मशीनवर. त्याच्या आधी जिवंत माणसाचा बिघाड नेमका कुठं आहे हे बघायचं साधन फार तोकडं होतं. लबोर्नचा जपून ठेवलेला मेंदू पुढं एमआरआयमध्ये घातला गेला, २००७ मध्ये ते संशोधन छापून आलं, आणि बिघाड ब्रोकाला दिसला त्यापेक्षा बराच खोल गेलेला निघाला. म्हणजे पद्धत बदलली की तक्त्यातली ओळही हलते.

स्मृतीचं असंच. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट थांबाव्यात म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. फिट कमी झाल्या, पण त्यानंतर नवीन काही लक्षात राहीना, नुकताच भेटून गेलेला माणूस परत आला तरी अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर रोज त्याचा हात सुधारत गेला, मात्र हे आपण आधी केलंय याचा त्याला पत्ताच नसायचा. म्हणजे घटना लक्षात राहणं वेगळं आणि हाताला कसब बसणं वेगळं. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक तारा बसवून असंही दिसलंय की जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र चालू होत्या त्याच झोपेत परत चालू होतात, हे संशोधन १९९४ चं. लातूरला नीटची तयारी करणारी पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून पहाटे परत क्लासला जातात त्यांच्या आईबापांनी हे वाचावं, झोप कापून केलेला अभ्यास नीट मुरत नाही.

भीतीबद्दल बोलायचं तर मराठवाड्याला किल्लारी आठवणारच. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराला दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर पडली. औसा, उमरगा भागातल्या कितीतरी लोकांना त्यानंतर छताखाली झोपच लागेना, ट्रक जवळून गेला आणि जमीन जराशी थरथरली तरी माणसं बाहेर पळायची. हा मनाचा दुबळेपणा नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की एखादा आवाज आणि शॉक यांची गाठ अमिग्डालामध्ये बसते, मग नुसता आवाज आला तरी शरीर तयार होतं, आणि आता धोका नाही हे शिकायला कपाळामागच्या भागाला वेळ आणि सुरक्षित अनुभव दोन्ही लागतात. पण अमिग्डाला म्हणजे भीती एवढ्यावरही थांबता येत नाही. एस.एम. या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका बाईच्या दोन्ही अमिग्डाला आजारानं गेल्या होत्या, तिला साप-कोळ्यांची भीती वाटायची नाही, समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखता यायची नाही. तरी २०१३ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा श्वासातून दिली तेव्हा ती जबरदस्त घाबरली. श्वास कोंडल्याची भीती दुसऱ्या वाटेनंही येते.

चेतापेशी एकमेकींशी रसायनानं बोलतात हे ऑटो लोवीनं १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं. एका हृदयाची नस चेतवली, ते मंदावलं, त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं तर तेही मंदावलं. ते रसायन म्हणजे असिटिलकोलीन. कापसावर मोनोक्रोटोफॉससारखी फवारणी करताना जी विषबाधा होते ती याच जागी होते. काम झाल्यावर असिटिलकोलीन तोडणारं जे एन्झाइम असतं तेच हे फवारणीचं औषध बंद पाडतं, मग असिटिलकोलीन साठत जातं, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यातली बाहुली बारीक होते, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडकतो. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात ते काही ठिकाणी असिटिलकोलीनची जागाच अडवतं. तेच अ‍ॅट्रोपिन आपल्या बांधावरच्या धोतऱ्यात असतं, म्हणून धोतरा पोटात गेलेल्याची लक्षणं बरोबर उलटी दिसतात : तोंड कोरडं, बाहुली मोठी, आणि नसलेली माणसं दिसणं. फवारणीत कुणाला त्रास झाला तर आधी कपडे काढून साबणाच्या पाण्यानं अंग धुवावं, धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा, बाटलीवरून डॉक्टरला लगेच कळतं.

जिवंत, धडधाकट मेंदूकडं बघायच्या पद्धतींत ईईजी, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद घेणं, सगळ्यात जुनी. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरनं १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिली नोंद घेतली आणि १९२९ ला छापली. माळेगावच्या जत्रेबाहेर उभं राहून आतला गलका ऐकावा तसं हे, गलका कधी वाढला ते क्षणाक्षणाला कळतं पण कुठल्या दुकानाशी ते सांगणं अवघड. फिट येणाऱ्या पेशंटला मात्र ही तपासणी आजही फार कामाची आहे, आणि फिट आल्यावर चप्पल किंवा कांदा हुंगवून काही होत नसतं, माणसाला कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी काढायची.

फंक्शनल एमआरआय याच्या उलट. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं की रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावरून मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते चित्रात येतं. जागा मिलिमीटरमध्ये कळते पण रक्ताचा प्रतिसाद चार-सहा सेकंद उशिरा येतो, आणि पेशीचं काम दिसतच नाही, त्याच्या मागोमाग येणारं रक्त दिसतं. शिवाय एका स्कॅनमध्ये हजारो ठिपक्यांची तुलना होते, तेव्हा काही ठिपके नुसत्या योगायोगानंही पेटतात. क्रेग बेनेट आणि त्याच्या साथीदारांनी २००९ मध्ये मेलेला सॅमन मासा मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि असे योगायोगाचे ठिपके गाळायची संख्याशास्त्राची दुरुस्ती न करता हिशोब केला तर त्याच्या मेंदूतही हालचाल ‘दिसली’. पेपरात ‘प्रेमाचं केंद्र सापडलं’ असली बातमी आली की दुरुस्ती केली का, माणसं किती होती, हे आधी विचारावं.

स्कॅनमध्ये भाग पेटला म्हणजे काम त्याच्यामुळंच झालं असंही होत नाही, ते तपासायला तो भाग मुद्दाम हलवून बघावा लागतो. पूर्वी हे फक्त ऑपरेशनच्या टेबलवर जमायचं, माँट्रिअलला वाइल्डर पेनफिल्ड जाग्या पेशंटच्या मेंदूला बारीक विजेचा स्पर्श करून कुठं हात हलतो, कुठं ओठांना मुंग्या येतात ते टिपायचे. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्करनं कवटी न उघडता, बाहेरून चुंबकीय धक्का देऊन तेच केलं : डोक्याच्या एका बाजूला कॉइल धरली, आणि उलट्या बाजूचा हात उडाला.